लॅपटॉपला लावलेला कौल

मु. भेंडेकोंड, ता. जि. रत्नागिरी
रविवार, दि. २ मार्च २००८

चि. रा. रा. जावईबापू ओमकारराव यांस,

भेंडेकोंडहून महिपत धोंडू गोताड याचे पोटभर आशीर्वाद. आपण, चि. सौ. दर्शना आणि आपले मातापिता तिकडे ठाण्यात खुशाल असाल अशी खात्री आहे. आपल्या मानेचं दुखणं आता कसं आहे ते कळवावं. (दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून आपली मान धरते असं दर्शना म्हणाली होती. मी या आठवड्यात त्या बिघडलेल्या यंत्रासमोर फक्त पाच दिवस बसलो, तर माझी मान धरली, कंबर धरली आणि गावातली पत गेली.) इकडे आम्ही सर्व बरे आहोत. सौ. दमयंतीचे गुडघे नेहमीप्रमाणे. काजूला यंदा मोहोर बरा आहे, आंबा अजून काही बोलत नाही.

सोबत शिवाच्या हाती आपण दिलेला लॅपटॉप पाठवत आहे. शिवा म्हणजे आमच्या खालच्या वाडीतला, आपल्या लग्नात मांडवाबाहेर आपले बूट राखत बसला होता तो. यंत्र मांडीवरून खाली ठेवायचं नाही अशी त्याला देवळात शपथ घातली आहे, त्यामुळे तो गाडीत झोपलेला नसेल. आल्या आल्या त्याला चहा द्यावा आणि यंत्र काढून घ्यावं. यंत्र चालू होत नाही. म्हणजे दिवा लागतो, आत पंखा फिरल्याचा आवाज येतो, काळ्या पडद्यावर चार ओळी इंग्रजी उमटतात आणि पुढे काही नाही. एकतीस वर्षं मी रत्नागिरी स्टँडवर कंट्रोलर होतो, बंद पडलेल्या गाडीचा रोग मी नुसत्या आवाजावरून सांगत असे. पण सगळे आवाज करते आणि जागची हलत नाही, अशी गाडी मी पाहिली नव्हती.

हे पत्र मी देवळापुढच्या सहाणेच्या ओट्यावर बसून, ग्रामदेवी नवलाई उत्सव कमिटीच्या देखत लिहीत आहे. लिहून झालं की सेक्रेटरीने ते सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावं, असा ठराव झाला आहे. सेक्रेटरी मीच. (कंसातलं मी वाचणार नाही. वरच्या वाडीचे सोमानाना शेजारी बसून कागदात डोकावत आहेत, पण त्यांचा चष्मा घरी राहिला आहे.) त्यामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीही पुन्हा लिहाव्या लागत आहेत, राग नसावा. जावयाला प्रकरण मुळापासून समजलं पाहिजे असं कमिटीचं म्हणणं पडलं.

तर मूळ असं. शिमग्याला देवीची पालखी गावात घरोघर जाते हे आपण जाणताच. कोणाच्या दारी आधी आणि कोणाच्या दारी मागाहून, यावरून १९८९ साली वरची वाडी आणि खालची वाडी यांच्यात जी जुंपली, तिच्यात पालखी तीन दिवस वडाखाली उभी राहिली. उभी म्हणजे उभी. खाली टेकवायची नाही, म्हणून भोई आळीपाळीने खांदा देत होते आणि दोन्ही वाड्या समोरासमोर बसून एकमेकांचे आजे-पणजे काढत होत्या. त्यानंतर पाच वर्षं पालखी देवळाबाहेर पडली नाही. शेवटी १९९४ साली जाणत्या मंडळींनी बसून चौसष्ट घरांची क्रमवार यादी केली, वहीत उतरवली, वही देवीपुढे ठेवली. तेव्हापासून सेक्रेटरीने यादी गुरवाच्या हातात द्यायची, गुरवाने पुकारायची आणि तशी पालखी जायची. चौदा वर्षांत कोणी चकार शब्द काढलेला नाही. होळी एकवीस तारखेला आहे. म्हणजे आजपासून एकोणीस दिवस, आणि यादी आपल्या लॅपटॉपच्या पोटात आहे.

मग ती वही कुठे गेली, असं आपण मला फोनवर विचारलंत. (विचारताना आपण हसलात. मी ऐकलं.) वहीला वाळवी लागली होती. दिवाळीत आपण लॅपटॉप दिलात, तेव्हा सौ. दमयंती म्हणाली की जावयाला द्यायचं असतं, जावयाकडून घ्यायचं नसतं. मी म्हटलं, अगं, घरासाठी घेत नाही, देवीच्या कामासाठी घेतोय. हे एकदा तोंडातून गेल्यावर देवीचं काम शोधणं भाग होतं, म्हणून मी यादी टाईप करायला बसलो. एका बोटाने, पंधरा दिवस. दोनदा ती माझ्या हातून पुसली गेली, तिसऱ्यांदा राहिली. आता उरली वही. देवीपुढे चौदा वर्षं राहिलेली, हळदी-कुंकवाने पिवळी-लाल झालेली वही रद्दीत घालता येत नाही, चुलीत घालता येत नाही. कमिटीने एकमताने ठराव केला आणि पौष पौर्णिमेला वाजतगाजत नेऊन तिचं नदीत विसर्जन केलं. ढोल होता. नारळ मी वाढवला.

प्रिंट का काढली नाही, हा आपला दुसरा प्रश्न. काढायलाच गेलो होतो. रत्नागिरीच्या दुकानात यादी उघडली, तर चौसष्ट घरांच्या जागी चौकोन, टिंबं आणि अधूनमधून एक फुली. दुकानदार म्हणाला, तुमची अक्षरं आमच्या मशीनमध्ये नाहीत. हे मी आपल्याला कळवलं, त्यावर आपण सुचवलंत की यंत्रातली सिस्टीम जुनी आहे, नवी घाला, तिच्यात मराठी मुळातच असते, मग प्रिंट कुठेही निघेल. तबकडी आपण एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती पाठवलीत आणि सोबत चिठ्ठी लिहिलीत: 'बाबा, काही अवघड नाही. फक्त नेक्स्ट दाबत राहायचं.' आपला शब्द मी शिरसावंद्य मानला. (ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. आपण जावई नसतात तर तिला चौकट करून आपल्या साहेबांकडे पाठवली असती.)

मी घरी एकटा बसून नेक्स्ट दाबत राहिलो असतो, तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण यादी देवीची. सेक्रेटरी घरात बसून यादीच्या यंत्रात काहीतरी घालणार आहे, ही बातमी वरच्या वाडीत गेली आणि त्यांना ती चालेना. त्यांना चालली असती तर खालच्या वाडीला चालली नसती. अखेर ठरलं की यंत्र देवळात न्यायचं, दोन्ही वाड्यांची दोन-दोन माणसं समोर बसवायची आणि सर्वांच्या संमतीने नेक्स्ट दाबायचं. मंगळवारी सकाळी नऊला बसलो. आमच्याकडे अकरा ते तीन लाईट नसते. दोन तासांत काम होईल असं आपण म्हणाला होतात, आणि तसं ते झालंही असतं.

पहिल्याच पानावर इंग्रजी करारनामा निघाला. खाली एक चौकोन, 'मला हे मान्य आहे' म्हणून. मी टिचकी मारणार, तोच सोमानानांनी माझा हात धरला. न वाचता अंगठा केला म्हणून आमच्या आज्याची डोंगराकडची जमीन गेली, म्हणाले, आता गावाची यादी घालवायची नाही. मग नानांची सून राही, बी.ए. झालेली, तिला घरून बोलावणं गेलं. बिचारी पिठाच्या हाताने आली. तिने सासऱ्यासमोर उभं राहून तो करार ओळीओळीने मराठीत सांगितला. एक तास दहा मिनिटं. सगळं ठीक चाललं होतं, पण मध्येच असं आलं की ही सिस्टीम आपल्याला विकलेली नसून फक्त वापरायला दिलेली आहे. नानांनी विचारलं, म्हणजे आपण कूळ? राही म्हणाली, तसंच काहीतरी दिसतंय मामंजी. झालं. कूळ म्हटल्यावर झोपलेली माणसंसुद्धा उठून बसली. आज कूळ म्हणून सही केली, उद्या यादीच्या सातबारावर नाव कोणाचं लागणार, यावर वीस मिनिटं गेली. मी घड्याळाकडे बघत होतो आणि दात आवळत होतो. शेवटी शिवा म्हणाला, कूळ म्हणून लागलो तर उलट बरं, चार वर्षं कसली की आपल्याच नावावर. हे सर्वांना पटलं आणि टिचकी मारायची परवानगी मिळाली. (एकूण हिशेबाला कायद्याचा काही आधार नाही, पण तोवर मी टिचकी मारली होती.)

पुढचं दहा वाजून पस्तीस मिनिटांनी घडलं. यंत्राने प्रश्न विचारला. राहीने सांगितलं, जुन्यातल्या काही गोष्टी नव्याशी जुळत नाहीत म्हणतंय, तरी पुढे जायचं का? खाली दोन चौकोन, होय आणि नाही. वरची वाडी म्हणाली होय. म्हणून खालची वाडी म्हणाली नाही. मी म्हटलं, जावईबापूंचं लेखी आहे, नेक्स्ट दाबायचं. पण तिथे नेक्स्ट नव्हतंच. आणि ज्याचं उत्तर होय किंवा नाही असं असतं आणि दोन वाड्यांचं एकमत होत नाही, ती गोष्ट आमच्याकडे देवीला विचारतात. हे माझ्या पणज्याच्या आधीपासून चालत आलेलं आहे, यंत्र आलं म्हणून ते बदलायचं कोणाच्या मनातही आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही.

रावजी गुरवांनी सकाळी आंघोळ केली होती, ती पुन्हा केली. देवीच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाची एक-एक ओली पाकळी लावली. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं, की हे माते नवलाई, तुज्या लेकरांनी यंत्राच्या जीर्णोद्धाराला हात घातलाय, त्यात होय म्हणावं का न्हाय म्हणावं याची अक्कल लेकरांना न्हाय, तवा तूच काय तो मार्ग दाखव, आणि कोणाच्या मनात काय वाकडं असंल तर ते सरळ कर. सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हटलं. एरवी देवी पाच मिनिटांत निकाल देते. त्या दिवशी दोन्ही पाकळ्या जागच्या हलेनात. पावणेअकरा झाले. दहा पंचावन्न झाले. मी हळूच विचारलं, रावजी, पाणी जरा जास्त झालं का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा घड्याळाकडेच बघायला लागलो. अकराला लाईट गेली. आमच्याकडे लाईट यायची वेळ चुकते, जायची चुकत नाही. बॅटरी जुनी आहे, वीस मिनिटं टिकेल, असं आपण म्हणाला होतात, आणि आपल्या सगळ्या बोलण्यात तेवढं मिनिटाबरहुकूम खरं ठरलं. अकरा वीसला पडदा काळा झाला. अकरा सत्तावीसला उजवी पाकळी पडली. सर्वांनी हात जोडले. नाना म्हणाले, दाबा. मी काळ्या पडद्यावर होय दाबलं. (तुम्ही हसाल. पण कौल मिळाल्यावर दाबायचं नाही म्हणजे काय? आणि सेक्रेटरी मी.)

तीन वाजता लाईट आली, तेव्हापासून त्या चार इंग्रजी ओळी. त्यानंतर गावात ज्याला हात होते त्या प्रत्येकाने उपाय केला. शिवाने बॅटरी काढून सुकटीच्या शेजारी उन्हात वाळत घातली, तिला अजून वास येतो, आपण नाकाला रुमाल लावून उघडावी. कोणी सांगितलं पंख्यात मुंगळा गेला असेल, म्हणून भोकापाशी साखर ठेवली. मुंगळा निघाला नाही, आत होते-नव्हते ते मात्र गेले असतील. बुधवारी मी यंत्र घेऊन रत्नागिरीला गेलो. एकटा नव्हे, दोन्ही वाड्यांची मिळून चार माणसं राखणीला होती. दुरुस्तीच्या दुकानात आम्ही पाचजण शिरलो तेव्हा तो पोरगेला दुकानदार आधी उभाच राहिला. यंत्र बघून म्हणाला, फॉरमॅट मारूया काका, दहा मिनिटांत कोरं करकरीत. मी विचारलं, यादी? म्हणाला, ती जाणार. नखं काढल्यावर नखं जाणार, अशा आवाजात म्हणाला. मी यंत्र काखेत मारलं आणि बाहेर पडलो.

गुरुवारी आपल्याला फोन केला. आपण वेळ काढून बोललात, आभार. आपण सांगितलंत, यंत्र सुरू होता होता एफ-आठ हे बटण दाबायचं, दोन सेकंदांच्या आत. आता गावातली परिस्थिती आपल्याला माहीत आहे. मोबाईलला रेंज मिळते ती नाक्यावरच्या काजूखाली. यंत्राला लागतो प्लग, तो देवळात. मधलं अंतर दोनशे पावलं आणि सोळा पायऱ्या. यंत्र देवळाच्या उंबऱ्याबाहेर काढून वायर जोडत जोडत आणावं असं मी सुचवलं. गणपतीच्या माळांच्या, लग्नाच्या मांडवाच्या, मिळतील तेवढ्या वायरी गाठी मारून जोडल्या, त्या दीपमाळेपर्यंत पुरल्या. मग असं ठरलं की काजूखाली मी, यंत्रापाशी राही आणि मधल्या वाटेवर आरोळी पोचवायला माणसं उभी करायची. आपण फोनवर 'आता' म्हणायचात, मी 'आता' ओरडायचो, वाटेवरचे ओरडायचे आणि राही दाबायची. सात वेळा केलं. सातही वेळा दोन सेकंद निघून गेलेले. आठव्या वेळी आपण 'आता' म्हणायच्या आधीच कोणीतरी कंटाळून ओरडलं. आपण म्हणालात, बाबा, राहीला आपलं आपण दाबू दे ना, 'आता' कशाला पाहिजे. हे आपण पहिल्यांदाच सांगितलं असतं, तर पंधरा माणसांचे घसे वाचले असते. (रागावलो नाही. जावयावर रागावण्याची आमच्यात पद्धत नाही.) राहीने आपलं आपण दाबलं. चारच्या सहा ओळी झाल्या.

काल शनिवारी सभा झाली. वरची वाडी म्हणाली, यादी तोंडी करूया. खालची म्हणाली, तोंडी कोणाच्या तोंडाने? त्यावर आवाज चढले आणि १९८९ सालची काही वाक्यं जशीच्या तशी ऐकू आली. शेवटी ठराव झाला की तोंडी यादी मान्य नाही, कागदावर उमटेल तीच खरी. तेवढ्यात बायकांच्या बाजूने हौसाबाई उठल्या. हौसाबाई म्हणजे पऱ्याच्या, आमच्या ओढ्याच्या, पलीकडे एकच घर आहे त्या. त्यांचे यजमान नव्वाण्णव साली वारले, मुलगी दिली राजापूरला, घरात एकट्या. त्या म्हणाल्या, पऱ्यावरचा साकव मोडला म्हणून चौदा वरसं माज्याकडं पालखी आली न्हाय, तुमी सगळ्यांनी सांगितलंत, मी ऐकलं. गेल्या पावसाच्या आधी पंचायतीनं साकव सिमेंटचा केला. आता येईल ना? माजं घर शिवाच्या मागाहून, मला आठवतंय.

नाना जमिनीकडे बघायला लागले. रावजी म्हणाले, मी पुकारतो, पाठ करत नाही. मग सगळे माझ्याकडे वळले, की यादी तुम्ही टाईप केलीत, तुम्ही सांगा. मी सांगितलं, मी एका बोटाने अक्षरं बघून टाईप करतो, वाचत नाही, काही आठवत नाही. त्यावर नाना म्हणाले, यंत्रात असेल तर असेल, नसेल तर नसेल, जावयाकडे पाठवा. म्हणून पाठवलं आहे.

तरी दोन्ही वाड्यांच्या वतीने आपल्याला आग्रहाची विनंती, की आपण कचेरीतलं काम बाजूला ठेवून, जाणकारांना दाखवून, यंत्राच्या पोटातून यादी काढावी आणि तिचा छापील कागद फाक-पंचमीच्या आत, म्हणजे बारा तारखेपर्यंत शिवाच्या हाती द्यावा. यंत्र दुरुस्त झालं नाही तरी गावाची तक्रार नाही. आमची भिस्त आपल्यावर आहे. मोठ्यांना नमस्कार, दर्शनाला आशीर्वाद.

आपला,
महिपत धोंडू गोताड
सेक्रेटरी, ग्रामदेवी नवलाई उत्सव कमिटी

ता. क. नाना लिहायला सांगतात, की कौल होय असा आलेला आहे हे तिकडच्या जाणकारांना अवश्य कळवावं, म्हणजे ते धीर सोडणार नाहीत.

ता. क. दुसरा. हे मी घरी बसून लिहितो आहे. वरचं पत्र वाचून झालं, सर्वांना पसंत पडलं, 'भिस्त' या शब्दाला नानांनी मान डोलावली. आता पुढचं फक्त आपल्यासाठी, आणि फोनवर बोलण्यासारखं नाही, कारण काजूखाली माणसं असतात.

ओमकारराव, यादी मला पाठ आहे. चौदा वर्षं वही मी सांभाळली आणि तीन वेळा टाईप केली. झोपेत उठवून विचारा, चौसष्ट घरं म्हणून दाखवीन. काल सभेत मी ते सांगायला उठणारच होतो, कागद द्या, देवीसमोर बसून उतरवून देतो, म्हणणार होतो. तेवढ्यात हौसा उठली.

तिचं घर यादीत नाही. कधीच नव्हतं. पऱ्याच्या पाण्याच्या खटल्यात तिच्या नवऱ्याने गावाच्या विरुद्ध साक्ष दिली होती. खरी दिली होती, म्हणून तर राग. चौऱ्याण्णव साली यादी करताना चौसष्टवर रेघ मारली आणि सगळे घरी गेले. तिच्या तोंडावर सांगायची कोणाला छाती झाली नाही. त्याच सुमाराला साकव मोडला, तो आम्हाला बरा सापडला. पहिल्या वर्षी तिने विचारलं तेव्हा 'साकव मोडलाय ना' असं म्हणणारा पहिला माणूस मी. पुढे नवरा गेला, राग कोणाच्या लक्षातही राहिला नाही, पण यादी देवीची, तिला हात कोण लावणार? आणि आता पंचायतीने मेला तो साकव बांधून ठेवला. काल ती विचारत होती आणि मला मान वर करता येईना. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला इतकी लाज वाटू नये.

तेव्हा यंत्र उघडू नका. उघडलंत तर आत काय आहे ते कोणाला दाखवू नका. दोन कागद जोडले आहेत, त्यावर यादी माझ्या हाताने लिहिली आहे. ती आपण टाईप करून, छापून पाठवा आणि यंत्रातून निघाली असं शिवाला सांगा. एकतीस नंबरला, शिवाच्या लगेच मागाहून, हौसाचं घर घातलं आहे. तो नंबर माझ्या घराचा होता. माझं घर मी शेवटी, पासष्टावर नेलं. मध्ये कुठेही घुसवली असती तर खालची सगळी घरं एकेकाने सरकली असती आणि पालखी पुन्हा वडाखाली गेली असती. असं केल्याने बाकी कोणाचा आकडा हलत नाही. लोक म्हणतील, महिपतने टाईप करताना स्वतःचंच घर चुकवलं. म्हणू देत. देवीला मी आज संध्याकाळी जाऊन सांगून आलो. पाकळ्या लावल्या नाहीत, उगाच 'नाही' आलं असतं तर काय करायचं.

दर्शनाला यातलं काही सांगू नका. तिला सांगितलं की तिच्या आईला कळतं, आणि सेक्रेटरीच्या घरी पालखी सगळ्यांत शेवटी हे तिला सहन व्हायचं नाही.

ता. क. तिसरा. ओमकारराव यांस दमयंतीचे आशीर्वाद. यांनी पाकीट चिकटवून उशाशी ठेवलं होतं, मी भाताच्या वाफेवर उघडलं, शिताने पुन्हा चिकटवते आहे. यादी वाचली. यांना वाटतं मला राग येईल. शेवटचं घर म्हणजे भोई, ढोलवाले आणि मागचा सगळा गाव पालखी उतरल्यावर तिथेच जेवायला बसतो, हे यांच्या लक्षात तरी आहे का कोण जाणे. तेव्हा आपण दोघं आठ दिवस आधी रजा काढून या, मला एकटीला व्हायचं नाही.

हौसाला मी लगोलग जाऊन सांगून आले की तुझं नाव निघालं. तिने विचारलं, वहिनी, पालखी दारात आली की आधी काय करतात, पाय धुतात का नारळ ठेवतात? वीस वर्षं होत आली, मला आठवत नाही म्हणाली. मी सगळं सांगितलं, तिने दोनदा म्हणून दाखवलं. यंत्राचं काय व्हायचं ते होवो, एकतीस नंबर तेवढा नीट छापा.